पानं कापणाऱ्या मुंग्या आणि लागवडीची जंगलं: वारुळाचं वय ओळखून नियंत्रण कसं करावं

ब्राझील, उरुग्वे किंवा अर्जेंटिनात निलगिरी, पाइन लावणाऱ्याला या मुंग्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. रोपं लावून आठवडाही झालेला नसतो आणि सकाळी ओळीच्या ओळी नुसत्या काड्या होऊन उभ्या असतात. मग धावाधाव होते. दिसेल त्या भोकापाशी विषारी आमिष पडतं, चार दिवस शांतता वाटते, आणि महिन्याभरात मुंग्या पुन्हा कामाला लागतात.

माझं ठाम मत असं आहे की इथे औषधापेक्षा वेळ जास्त चुकते. लागवडीचं वेळापत्रक झाडाच्या वयावर बेतलेलं असतं, वारुळाचं वय कुणी विचारात घेत नाही. तीन महिन्यांचं वारूळ, दीड वर्षाचं वारूळ आणि सहा वर्षांचं वारूळ ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तिन्हींवर एकच उपाय चालत नाही. म्हणून या लेखात आधी वसाहत कशी वाढते ते सविस्तर सांगतो, उपाय त्यानंतर.

वसाहत कशी जन्मते आणि बहुतेक वेळा कशी मरते

पानं कापणाऱ्या मुंग्यांचे मुख्य वंश, म्हणजे प्रजातींचे गट, दोन: ॲटा आणि ॲक्रोमिरमेक्स. ब्राझीलमध्ये पहिलीला साऊवा म्हणतात, दुसरीला केंकेम. अमेरिकेच्या दोन्ही खंडांबाहेर त्या आढळत नाहीत. कापलेली पानं त्या खात नाहीत. पानांचा लगदा करून त्यावर त्या ल्यूकोअगारिकस गाँगिलोफोरस ही बुरशी वाढवतात. अळ्या या बुरशीवरच पोसल्या जातात, मोठ्या मुंग्या तिच्याबरोबर पानांचा रसही पितात. बुरशीचा मळा मेला की वसाहत मेली. हे लक्षात ठेवा, कारण आमिषाची सगळी युक्ती याच मळ्यातून चालते.

आग्नेय ब्राझीलमध्ये पावसाळ्याच्या तोंडाशी, सप्टेंबर ते डिसेंबरच्या सुमारास, पंख असलेले नर आणि माद्या वारुळातून उडतात. मादी हवेत अनेक नरांशी मीलन करते आणि ते शुक्राणू आयुष्यभर साठवून ठेवते. खाली उतरल्यावर पंख टाकून देते आणि जमिनीत वीतभर खोल बिळ खणून स्वतःला आत कोंडून घेते. जन्मघरातून निघताना तोंडातल्या एका छोट्या पिशवीत तिनं बुरशीचा कण आणलेला असतो. तो ती बाहेर काढते, स्वतःच्या विष्ठेचं खत देऊन जगवते आणि अंडी घालू लागते. यातली बहुतेक अंडी पिल्लं होण्यासाठी नसतात. ती तिच्या स्वतःच्या आणि पहिल्या अळ्यांच्या खाण्यात जातात. या काळात ॲटाची राणी बाहेर पडत नाही. शरीरातली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले पंखांचे स्नायू यांवर ती दिवस काढते. ॲक्रोमिरमेक्सची राणी मात्र सुरुवातीला स्वतः बाहेर जाऊन पानं आणते.

साधारण दोन महिन्यांनी पहिल्या कामकरी मुंग्या तयार होतात आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास पहिलं भोक उघडतं. तोवर जमिनीवर फक्त मातीच्या बारीक गोळ्यांची एक चिमूटभर ढिगली दिसते.

या तीन महिन्यांत काय होतं हे साओ पावलोच्या जैविक संस्थेतले कीटकतज्ज्ञ मारिओ औटुओरी यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला मोजून ठेवलं. ॲटा सेक्सडेन्सच्या 3,558 नव्या वसाहतींपैकी तीन महिन्यांनी फक्त 90 जिवंत होत्या, म्हणजे अडीच टक्के. गवत कापणाऱ्या ॲटा कापिग्वाराच्या बाबतीत दुसऱ्या संशोधकांनी 13,300 वसाहती मोजल्या होत्या. तीन महिन्यांनंतर त्यांतल्या 12 उरल्या. कुणाची बुरशी सडते, कुणाचं बिळ पावसानं भरतं, कुणाला रोगकारक बुरशी धरते. पक्षी आणि आर्माडिलो राण्यांवर ताव मारतात. कँथन व्हायरेन्स नावाचा एक शेणकिड्यांच्या कुळातला भुंगेरा तर उतरलेल्या राणीचं डोकं कापतो आणि तिचं धड आपल्या पिल्लांची शिदोरी म्हणून पुरतो.

जगलेल्या वसाहतीची वाढ सुरुवातीला संथ असते. पहिलं वर्षभर तिचं एकच भोक असतं, दुसरं उघडायला आणखी वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र भोकं आणि मातीचे ढीग झपाट्यानं वाढतात. साधारण 38 महिन्यांनी वसाहत पहिल्यांदा पंखवाल्या मुंग्या बाहेर सोडते, आणि त्यानंतर दरवर्षी. औटुओरींनी 77 महिन्यांचं एक वारूळ खोदून पाहिलं. त्यात 1,920 कप्पे होते, मुंग्यांनी वर आणून टाकलेली माती 22.72 घनमीटर भरली, तिचं वजन सुमारे 40 टन. तेवढ्या आयुष्यात त्या एका वसाहतीनं सुमारे सहा टन पानं आत नेली असावीत असा अंदाज होता. राणी दहा वर्षांहून अधिक जगू शकते, आणि ती गेली की तिची जागा घेणारी दुसरी नसते.

आता निलगिरीचं चक्र आठवा. ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठी लावलेली निलगिरी साधारण सहा-सात वर्षांत तोडली जाते. लागवडीच्याच वर्षी रुजलेलं वारूळ चौथ्या वर्षापासून नव्या राण्या सोडू लागतं आणि तोडीच्या वेळी ऐन भरात असतं. पुढची रोपं लागतात ती थेट त्याच्या तोंडाशी. पुढचं सगळं नियोजन या हिशोबावर उभं आहे.

पहिली पायरी: मुंगी कोणती ते पाहा

मोठी कामकरी मुंगी पकडून भिंगाखाली धरा. पाठीवर काट्यांच्या तीन जोड्या असतील तर ॲटा, चार-पाच जोड्या असतील तर ॲक्रोमिरमेक्स. ॲटामध्ये मोठ्या डोक्याच्या सैनिक मुंग्या असतात. ॲटा लीव्हिगाटाच्या सैनिकाचं डोकं काचेसारखं चकचकीत असतं. ॲटा सेक्सडेन्सच्या सैनिकाचं डोकं चिरडलं तर लिंबासारखा वास येतो.

ही ओळख वगळू नका. ॲटा बिस्फेरिका आणि ॲटा कापिग्वारा मुख्यतः गवत कापतात. त्यांच्या वारुळांवर झाडांच्या नावानं आमिष खर्च करण्यात अर्थ नाही. दक्षिण ब्राझीलमधल्या पाइन लागवडीत ॲक्रोमिरमेक्स क्रासिस्पायनस ही महत्त्वाची प्रजाती आहे. तिची वारुळं लहान, पालापाचोळ्याखाली दडलेली असतात. ती एकेक शोधून संपवण्याचा विचारच सोडा. तिथे पद्धत वेगळी लागते, ती पुढे येईल.

दुसरी पायरी: मातीवरून वय वाचा

मुंग्यांनी बाहेर आणलेल्या भुसभुशीत मातीची सर्वांत जास्त लांबी आणि सर्वांत जास्त रुंदी मोजा, दोन्हींचा गुणाकार करा. हे झालं चौरस मीटरमधलं क्षेत्र. ब्राझीलच्या लागवडींत वारुळांचे साधारण पाच गट करतात: 1 चौरस मीटरपेक्षा कमी, 1 ते 3, 3 ते 9, 9 ते 25 आणि 25 हून जास्त. पहिल्या गटात नव्या वसाहती येतात, शेवटच्या दोन गटांत दरवर्षी राण्या सोडणाऱ्या.

या मापात एक खोच आहे. मातीचा ढीग जिथे आहे तिथेच खाली बुरशीचे कप्पे असतील असं नाही. काही प्रजातींत ते बाजूला पसरलेले असतात, आणि पानं आत नेणारी भोकं ढिगापासून कित्येक मीटर दूर असू शकतात. ढिगावरची बरीच भोकं माती बाहेर टाकण्यासाठी आणि हवा खेळवण्यासाठी असतात. ढीग मोजायला उपयोगी आहे, पण आमिष टाकायची जागा शोधायची असेल तर पानं घेऊन चाललेल्या मुंग्यांच्या मागे जा.

तिसरी पायरी: मोजणी

सगळं क्षेत्र पायी तुडवणं परवडत नाही, म्हणून पट्टे घ्या. लागवडीच्या ओळींना धरून ठरावीक अंतरावर एकेक पट्टा चाला आणि दिसेल ते प्रत्येक वारूळ गटासह नोंदवा, जीपीएसवर टिपा. हिशोब सोपा आहे. पट्टा 6 मीटर रुंद आणि 500 मीटर लांब असेल तर 3,000 चौरस मीटर, म्हणजे 0.3 हेक्टर. त्यात तीन वारुळं सापडली तर हेक्टरी दहा.

नुसता एकूण आकडा फसवतो. हेक्टरी दहा वारुळं सगळी पहिल्या गटातली असतील तर काळजीचं कारण थोडं, पण त्यांतली दोन जरी 25 चौरस मीटरच्या वरची असतील तरी लागवड थांबवून आधी त्यांचं बघावं लागेल. रस्त्यांच्या कडा, जळालेल्या किंवा मोकळ्या पडलेल्या जागा आणि मूळ जंगलाच्या सीमा वेगळ्या तपासा. उघडी, उन्हातली माती उतरणाऱ्या राण्यांना ओढून घेते, विशेषतः लीव्हिगाटाच्या. त्यामुळे रस्त्याकडेचा पट्टा आतल्या भागाचा अंदाज देत नाही, दोन्हींचे आकडे एकत्र करू नका.

चौथी पायरी: कोणत्या वयाला हात लावायचा

मीलनउड्डाण झालं की जमीन ताज्या बिळांनी भरलेली दिसते आणि माणूस घाबरतो. या वेळी आमिष टाकू नका. ॲटाची कोंडून घेतलेली राणी बाहेर येत नाही, तर आमिष उचलणार कोण? शिवाय त्यांतल्या बहुतेक जणी आपोआप मरणार आहेत. रोपवाटिकेजवळ किंवा अगदी छोट्या तुकड्यात फार वाटलं तर कुदळीनं खणून राणी काढता येते. तीन-चार महिन्यांपर्यंत ती फार खोल नसते.

खरी गाळणी नंतर लावायची. उड्डाणाला वर्ष-दीड वर्ष झालं की जगलेल्या वसाहती उघड दिसू लागतात. ढीग लहान असतो, आमिष थोडं लागतं आणि नव्या राण्या सोडायला अजून दीड-दोन वर्षं बाकी असतात. माझ्या मते पैशाचा सर्वांत चांगला मोबदला याच फेरीत मिळतो, आणि नेमकी हीच फेरी वगळली जाते, कारण तोवर झाडं उंच झालेली असतात आणि नुकसान डोळ्यांत भरत नाही.

जुन्या वारुळांसाठी वेळ एकच: लागवडीच्या आधी. जमीन नांगरण्याच्या किंवा खड्डे घेण्याच्या निदान महिना-दोन महिने अगोदर, कोरड्या हवामानात. नांगर आधी फिरला तर ढीग सपाट होतात, वाटा मोडतात, मोजमाप करता येत नाही. खाली मीटर-मीटर खोल असलेली बुरशी आणि राणी मात्र शाबूत राहते आणि काही आठवड्यांत नव्या भोकांनी वर येते. मग रोपांच्या ओळीत आमिष टाकत फिरणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

त्यानंतरचा क्रम असा: पहिल्या फेरीनंतर साधारण दोन महिन्यांनी चुकलेली किंवा पुरती न मेलेली वारुळं पकडायला दुसरी फेरी, लागवडीनंतर पहिले काही आठवडे अगदी जवळून पाहणी, नंतर पहिल्या वर्षी अधूनमधून, आणि पुढे तोडीपर्यंत वर्षातून एक मोजणी.

पाचवी पायरी: आमिष

आमिष म्हणजे बहुधा संत्र्यासारख्या फळांच्या वाळलेल्या चोथ्याच्या गोळ्या, त्यात थोडं वनस्पती तेल आणि कीटकनाशक. हे कीटकनाशक सल्फ्लुरामिड असेल तर त्याचं प्रमाण साधारण 0.3 टक्के असतं. हे विष मुद्दाम सावकाश काम करणारं निवडलेलं असतं. झटपट मारणारं विष उचलणाऱ्या मुंग्या मारेल आणि वसाहत सावध होईल. सावकाश विष आत जातं, कामकरी मुंग्या गोळ्या चाटतात, बारीक करून बुरशीत रोवतात आणि एकमेकींना चाटताना ते सगळीकडे पसरवतात. काही दिवसांत पानं कापणं थांबतं. पुढे मळ्याची निगा राखायला कुणी उरत नाही, बुरशी बिघडते आणि शेवटी राणी मरते. हे व्हायला आठवडे लागतात.

मात्रा भुसभुशीत मातीच्या क्षेत्रावर ठरते. सल्फ्लुरामिडसाठी साधारण 6 ते 10 ग्रॅम प्रति चौरस मीटर, पण शेवटचा शब्द डब्यावरच्या लेबलाचा. उदाहरणार्थ, ढीग 4 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद असेल तर क्षेत्र 12 चौरस मीटर. 8 ग्रॅमच्या हिशोबानं 96 ग्रॅम. ही मात्रा पानं आत जाणाऱ्या चालू भोकांजवळ वाटून टाका.

काटकसर म्हणून मात्रा कमी करू नका. मुंग्या शिकतात. एखाद्या सामग्रीनं बुरशीला अपाय झाला की वसाहत ती सामग्री पुढे कित्येक आठवडे नाकारते. अर्धी मात्रा खाऊन वाचलेलं वारूळ रुसल्यासारखं बंद होतं, भोकं निष्क्रिय दिसतात आणि मग तेच आमिष पुन्हा उचलत नाही. असं झालं तर थांबा, काम सुरू होण्याची वाट पाहा आणि वेगळं आमिष किंवा वेगळी पद्धत घ्या.

गोळ्या टाकताना त्या वाटेच्या कडेला, भोकापासून थोड्या अंतरावर ठेवा. भोकात ओतल्या किंवा ऐन वाटेवर टाकल्या तर मुंग्या त्या अडगळ समजून बाहेर फेकतात. हात लावू नका, मापाचा चमचा वापरा. पेट्रोल, खतं किंवा दुसऱ्या औषधांशेजारी ठेवलेलं आमिष त्यांना वासानं कळतं. ओली जमीन, दव किंवा येऊ घातलेला पाऊस असेल तर काम पुढे ढकला, कारण भिजलेली गोळी फुगून फुटते आणि उचलली जात नाही. उन्हाळ्यात या मुंग्या जास्त करून रात्री बाहेर पडतात, थंडीत दिवसा. आमिष त्या कामाला निघण्याच्या थोडं आधी पडलं पाहिजे.

ॲक्रोमिरमेक्सच्या दडलेल्या वारुळांसाठी, आणि जिथे मोजणी शक्यच नाही तिथे, आमिषाच्या छोट्या पुड्या ठरावीक अंतरावर सगळ्या क्षेत्रात ठेवतात. मुंग्या पुडी कापून गोळ्या नेतात. पुडीमुळे ओल लागत नाही आणि पक्षी-प्राण्यांच्या तोंडी गोळी जाण्याचा धोकाही कमी होतो.

सल्फ्लुरामिडबद्दल एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. ते निसर्गात विघटित होऊन पीएफओएस नावाचं रसायन तयार होतं, जे वर्षानुवर्षं टिकतं आणि सजीवांत साठत जातं. पीएफओएस आणि संबंधित रसायनं 2009 मध्ये, दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आली आणि पानं कापणाऱ्या मुंग्यांच्या आमिषाला त्यात सवलत मिळाली. याआधी वापरात असलेलं डोडेकाक्लोर, म्हणजे मायरेक्स, 2001 च्या त्याच कराराच्या पहिल्या यादीत होतं. सवलत आहे म्हणून सढळ हातानं वापरावं असं नाही. प्रमाणित लागवड असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची बंदी आणि निर्बंधांची यादी दरवर्षी तपासा. ओढ्या-नाल्यांच्या कडेला आमिष टाकू नका.

इतर उपाय, थोडक्यात

कीटकनाशकाची कोरडी भुकटी भोकात फुंकणं फक्त लहान वारुळांवर चालतं आणि माती कोरडी असेल तरच. मोठ्या वारुळात ती खोल पोचत नाही. गरम धुराचं यंत्र मोठ्या वारुळांना, विशेषतः पावसाळ्यात आमिष टाकता येत नाही तेव्हा उपयोगी पडतं. धूर एका भोकातून सोडायचा आणि जिथून बाहेर येईल ती भोकं मातीनं बुजवत जायचं. खर्चिक काम आहे, आणि मास्क, हातमोज्यांशिवाय कुणालाही त्याच्या जवळ उभं करू नका.

सहावी पायरी: मेलं की नाही ते तपासा

चार दिवसांत पानं कापणं थांबलं म्हणून यादीतून नाव खोडू नका. दोन-तीन महिन्यांनी परत जा. ताजी माती आहे का, वाटा झाडलेल्या आणि स्वच्छ आहेत का, हिरव्या पानांचे तुकडे पडलेत का, ते पाहा. भोकात लांब काडी घालून हलवा. सैनिक वर आले तर वारूळ जिवंत आहे. भोकांवर कोळ्यांची जाळी आणि आत पडलेला पाचोळा ही चांगली खूण. जिवंत निघालेल्यांची संख्या मूळ संख्येशी ताडून पाहा. ती जास्त असेल तर दोष बहुधा मात्रेत, ओल्या हवेत किंवा चुकीच्या भोकांत सापडतो.

सातवी पायरी: नव्या राण्यांना जमीन अवघड करा

अडीच टक्के जगतात, हा आकडा निसर्गाच्या कामगिरीचा आहे, आणि तो आपण बिघडवूही शकतो. सगळं तण जाळून, जमीन चकचकीत उघडी करून रोपं लावली की दोन गोष्टी होतात. उतरणाऱ्या राण्यांना हवी तशी माती मिळते, आणि आधीच असलेल्या मुंग्यांना खायला रोपांशिवाय काही उरत नाही. पाइनच्या लागवडीत ॲक्रोमिरमेक्सचा मारा लागवडीनंतरच्या पहिल्याच आठवड्यांत सर्वाधिक असतो. म्हणून रोपाभोवतीचं तण काढा, पण दोन ओळींमधला झाडोरा शक्य तितका राहू द्या. झाडांखालची झुडपं, पाचोळा आणि मूळ जंगलाचे पट्टे पक्ष्यांना, भुंगेऱ्यांना आणि शिकारी मुंग्यांना थारा देतात. नोमामिरमेक्स एझेनबेकी ही लष्करी मुंगी तर भरात असलेल्या ॲटाच्या वारुळावरही चाल करून जाते. सरसकट फवारणीनं हे सगळे मदतनीस आधी मरतात.

राखीव जंगलातल्या वारुळांना हात लावू नका. तिथे या मुंग्या माती उलथतात, खोलवर सेंद्रिय द्रव्य पोचवतात, आणि त्या तिथल्याच आहेत. हा विचार मी नियमापोटी सांगत नाही. इतकी गुंतागुंतीची शेती करणारा जीव त्याच्या मूळ जागी राहावा असं मला मनापासून वाटतं. लागवडीच्या सीमेवर पुड्यांची एक ओळ बहुधा पुरते.

तोडीच्या आधीची फेरी

निलगिरी तोडणीला यायच्या काही महिने आधी, शक्यतो कोरड्या ऋतूत, सगळ्या तुकड्याची पुन्हा मोजणी करा. उभ्या झाडांखाली ढीग स्पष्ट दिसतात. तोडीनंतर फांद्यांच्या आणि सालींच्या पसाऱ्याखाली ते सापडत नाहीत आणि यंत्रांची चाकं उरलेले मोडतात. चौथ्या आणि पाचव्या गटातली वारुळं याच वेळी संपवा. बुंध्यांतून फुटवे घेऊन दुसरं पीक घ्यायचं असेल तर ही फेरी अधिकच गरजेची आहे, कारण कोवळा फुटवा मुंग्यांना रोपाइतकाच हवासा असतो आणि तो तोडीनंतर काही आठवड्यांतच वर येतो. दुसऱ्या फेरीसाठीची जागा जीपीएसच्या नोंदींवरून काढा आणि नोंदवही पुढची लागवड करणाऱ्या तुकडीच्या हाती द्या.